खिमलालच्या नावावर

माझं सिमकार्ड खिमलाल पौडेलच्या नावावर होतं.
स्कूटर त्याच्या नावावर.
बँकेतले एक लाख चाळीस हजारही त्याचेच,
पासबुक मात्र माझ्या पेटीत, लोकरीच्या लडींखाली.
दर दसैंला कपाळावर टिका लावून तो हसायचा,
"दिदी, मी फार श्रीमंत माणूस आहे,
फक्त खर्च करता येत नाही."

हेम्जाच्या वळणावर त्याचं चहाचं दुकान,
आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची छावणी.
आईला कार्ड मिळालं होतं,
घड्या पडून पडून त्यातला तिचा चेहरा
मधोमध फाटला.
मला सोळावं लागलं त्या वर्षी खिडकी बंद झाली.
साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात या.
मी आता सेहेचाळीस वर्षांची आहे.
तो महिना अजून उजाडायचाय.

इथेच जन्मले मी, याच उतारावर, मका काढायच्या दिवसांत.
सुईणीचं नावसुद्धा सांगेन.
पण सुईण शिक्का मारत नाही.

पाठीवरच्या पिशवीत पिरोजा, पोवळी, हाडाच्या माळा
घेऊन मी तळ्याकाठी हिंडते.
दुकान मांडायला नोंदणी हवी, नोंदणीला नागरिकता.
तर माझं दुकान चालतं,
म्हणजे माझ्याच पायांनी.
गोरे पाहुणे विचारतात, तुझं गाव कुठलं?
मी उत्तरेला बोट करते.
ते वळून डोंगराचा फोटो काढतात.

रिग्झिन नऊ वर्षांचा असताना
त्याला सीमेपलीकडच्या शाळेत जागा मिळाली.
मला जाता येत नव्हतं. खिमलाल घेऊन गेला, भाचा म्हणून.
रात्रभर बसमध्ये घोकून घेतलं:
नाव? विशाल पौडेल.
गाव? स्यांग्जा.
सुनौलीला शिपायाने काही विचारलंच नाही,
तो केळं सोलत होता.
दुसऱ्या दिवशी फोनवर पोरगा हळूच म्हणाला,
"आमा, आता माझं नाव परत लावू का?"
बारा वर्षं झाली. तो तिकडे उंच झाला,
मी इकडे फोनवर.

गेल्या माघात खिमलाल गेला.
छातीत कळ आली. दूध उतू जाऊन शेगडी विझली,
तेव्हा कुठे कळलं लोकांना.

त्याचे मुलगे पांढऱ्यात बसले तेरा दिवस.
चौदाव्या दिवशी थोरला आला, टेकनाथ.
चांगला पोरगा आहे, फुपू म्हणतो मला, म्हणजे आत्या.
हातात स्कूटरचं ब्लूबुक.
म्हणाला, "बहिणी विचारतात, फुपू.
आणि बँकेत दाखला दिला की मग..."
पुढचं बोलला नाही.
मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली.
त्याने तसाच प्यायला.

त्याच आठवड्यात फोन मुका झाला.
कंपनीला मालकाचा अंगठा हवा होता.
अंगठा तर सेतीच्या काठी जळून गेलेला.
रिग्झिन तिकडून नंबर फिरवत असेल
आणि एक गोड आवाजाची बाई त्याला सांगत असेल
की अशी कोणी नाहीच.

संध्याकाळी फेवाच्या काठाला नावा बांधतात.
प्रत्येकीच्या कुशीवर पिवळ्या रंगात आकडा.
मी कधी कधी वाचत बसते,
एकशे सतरा, चारशे दोन, एकोणऐंशी.
बुडाली तरी कळेल कुठली होती.

काल गोम्पात गेले.
लामाने वही उघडली, दिवे कोणाच्या नावाने?
खिमलाल पौडेल, म्हटलं.
त्याने मान वर केली, पण लिहिलं.
देणाऱ्याचं नाव?
क्षणभर सवयीने
तेच नाव पुन्हा तोंडात आलं.
मग म्हटलं, छोझोम.
छोझोम, हेम्जाची.

पावती पासबुकाशेजारी ठेवलीय.
एकशे आठ दिवे.
शिक्का जरा पुसट उमटलाय.